गल्लीचा रात्रपहारा: वर्षभराच्या अनुभवानंतर

इंदूरच्या लोकमान्य नगरच्या अलीकडे आमची गल्ली. बावीस घरं, एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला भिंत. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर रहवासी संघाने रात्रीच्या पहाऱ्यासाठी नवी एजन्सी लावली, त्याला आता वर्ष झालं. शेजारच्या दोन कॉलन्यांतून सारखी विचारणा होते, "तुमचा चौकीदार कसा आहे, आम्हीही लावू का?" प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी रोकडी माहिती. घरटी महिना ८०० रुपये, म्हणजे बावीस घरांचे १७,६००. रात्री आठ ते सकाळी आठ एक चौकीदार. त्याची सुट्टी रविवारी, त्या रात्री बदली माणूस. शिट्टी, काठी, टॉर्च आणि रेनकोट एजन्सीचा. खुर्ची, पंखा आणि डोक्यावरचं छप्पर आपण द्यायचं. करार अकरा महिन्यांचा, सोडायचं तर महिनाभराची नोटीस.

माझं मत विचाराल तर घ्या. पाचातले चार गुण देईन. पाचवा का कापला ते पुढे येईलच. पण एजन्सीच्या माहितीपत्रकावर भरवसा ठेवून घेऊ नका, कारण आमच्याकडे ही सेवा चांगली ठरली ती ज्या गोष्टींमुळे, त्यातली एकही त्या पत्रकात नाही.

आधीच्या एजन्सीचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून पोलिसांत आहे. त्यांची पद्धत मात्र सांगते, कारण तशीच पद्धत आता बऱ्याच ठिकाणी विकली जाते. गल्लीतल्या सात खांबांवर क्यूआर स्टिकर लावलेले. चौकीदाराने तासातासाने फेरी मारून प्रत्येक स्टिकर फोनने स्कॅन करायचा. सकाळी ग्रुपवर तक्ता यायचा, सगळ्या चौकटी हिरव्या. आम्ही खूष. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला अर्धं इंदूर रात्रभर राजवाड्याकडे असतं, आमचीही निम्मी गल्ली तिकडेच होती. दोन नंबरवाले काका-काकू तर लग्नासाठी पुण्याला गेलेले. रात्री मागची ग्रिल कापून चोर आत शिरले. पाटल्या, काकूंच्या सासूबाईंची एकदाणी, चांदीचा कुंकवाचा करंडा आणि पूजेतलं निरांजनसुद्धा गेलं. सकाळी तक्ता आला तो पूर्ण हिरवा. दोन वाजून दहा मिनिटांनी चौकीदाराने त्याच घरासमोरच्या खांबावरचा स्टिकर स्कॅन केला होता.

तो पोरगा खोटं बोलला नाही. "अंदर से आवाज़ आ रही थी, हमें लगा घर के लोग झाँकी देखकर लौटे हैं," असं त्याने सांगितलं. महिन्यातला तो तिसरा माणूस, कामावर येऊन जेमतेम चार रात्री झालेल्या. त्या घरात त्या रात्री कुणीच असणार नव्हतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एजन्सीने नाही, संघाने नाही आणि मीही नाही. माझ्याकडे तर त्या घराची किल्ली होती.

ते वाक्य ऐकलं आणि मला एकदम आचे आठवलं.

मी सिव्हिल इंजिनिअर. २००६ च्या जानेवारीपासून सव्वा वर्ष मी इंडोनेशियातल्या आचे प्रांतात घरबांधणीच्या कामावर होते. सुमात्रा बेटाचं हे उत्तरेकडचं टोक. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीत समुद्र आत आला आणि एकट्या इंडोनेशियात एक लाख साठ हजारांहून जास्त माणसं गेली, जवळजवळ सगळी आचेचीच. माझं काम पश्चिम किनाऱ्यावर, ल्होकङाच्या बाजूला होतं. तिथे काही जागी पाणी तीस मीटरच्या वर चढलं होतं. जवळच्या लाम्पुक गावात एक मशीद तेवढी उभी राहिली, भोवतालचं गाव पुसलं गेलं. आम्ही बांधत होतो ती छत्तीस चौरस मीटरची घरं, दोन खोल्या आणि पुढे जरा ओसरी. अशी लाखाहून जास्त घरं त्या तीन-चार वर्षांत उभी राहिली.

घर बांधायचं तर जागा कुणाची ते आधी ठरायला हवं. ठरवणार कसं? बांध नाही, कुंपण नाही, झाड नाही, आणि पुष्कळदा मालकही नाही. जमिनीच्या कचेरीतली दप्तरं चिखलात भिजलेली. मग सरकारने आणि मदत करणाऱ्यांनी ठरवलं की गावानेच हद्दी दाखवायच्या. एक दिवस मला अजून लख्ख आठवतो. मी फीत धरून उभी. समोर सात-आठ माणसं, मोकळ्या वाळूवर. एक म्हातारा पाय घासत घासत चालत आला, एका जागी थांबला, टाच रुतवली आणि म्हणाला, "इथे फणस होता." दुसरा म्हणाला, "फणसापासून विहीर बारा पावलं." त्याने बारा पावलं टाकली आणि कुदळ मारली, तेव्हा हातभर खाली विहिरीचं काँक्रीटचं कडं लागलं. ते घर ज्याचं होतं तो, त्याची बायको, दोन मुलगे, सगळे गेलेले. उरली होती बांदा आचेला शिकायला गेलेली मुलगी. ती एका बाजूला उभी राहून रडत होती आणि शेजारी तिच्या बापाची जमीन इंचाइंचाने तिला परत मोजून देत होते. कुणीही एक पाऊल स्वतःकडे सरकवलं नाही. सगळीकडे असंच झालं असं मी म्हणणार नाही, भांडणंही पाहिली. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर हे घडलं. मालमत्तेचं संरक्षण म्हणजे काय, ते मी त्या वाळूत शिकले.

तिकडे गावाला गाम्पोंग म्हणतात. गावप्रमुख कुचिक. त्याच्या सोबतीला तुहा पुत, म्हणजे चार वडीलधारे, आणि धर्माचं पाहणारा तेंगकू. गावाच्या मध्यभागी मनासाह: नमाजही तिथे, बैठकही तिथे, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे गावातली लग्न न झालेली पोरं रात्री झोपायलाही तिथेच. त्यामुळे काही आवाज झाला की दहा-बारा तरणी पोरं दोन मिनिटांत हजर. घर असतं बाईचं. आईबाप मुलीसाठी घर बांधतात किंवा आपलं देतात आणि नवरा तिच्याकडे राहायला येतो. बायकोला म्हणतातच 'पो रुमोह', घराची धनीण. मी ज्यांच्याकडे राहायचे त्यांना मी 'काक' म्हणत असे, तिकडे थोरल्या बहिणीला असंच म्हणतात. त्यांचं घर टेकडीच्या पायथ्याशी, लाट पोचली नव्हती तिथे. जुनं लाकडी, उंच खांबांवरचं, खालून ताठ मानेने चालत जाता येईल असं. एकही खिळा नाही, सगळं खुंट्यांवर आणि पाचरींवर. भूकंपाचा धक्का आला की ते घर होडीसारखं डुलायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. इंजिनिअर म्हणून मी त्या जोडांना हात लावून बघत बसायचे.

एका रात्री बऱ्यापैकी मोठा धक्का बसला. वीज गेली, मनासाहचा भोंगा बंद. कुणीतरी तंबो बडवायला सुरुवात केली. तंबो म्हणजे पोकळ ओंडक्याला कातडं लावलेला भलामोठा ढोल. आम्ही खाली उतरलो, आणि अंधारात मी पाहिलं की कुणीच सैरावैरा पळत नव्हतं. प्रत्येक जण एका ठरलेल्या दाराकडे जात होता. एक पोरगा आमच्याच जिन्याने वर गेला आणि काकच्या आईला पाठंगुळी घेऊन खाली आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याचंच काम होतं, बस. मग टेकडीच्या वाटेवर नावं पुकारली, आणि त्यात माझंही नाव होतं. परक्या मुलखात अंधारात आपलं नाव कुणी हाक मारून शोधतं तेव्हा पोटात काय होतं, ते शब्दांत नाही सांगता येत.

तिकडे सिमुलुए नावाचं एक बेट आहे. १९०७ मध्ये तिथे मोठी लाट आली होती. तेव्हापासून आज्या नातवंडांना 'स्मोंग' हा शब्द शिकवत आल्या: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये तिथली सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार माणसं वाचली, गेली ती फक्त सात. ना भोंगा, ना यंत्र. प्रत्येकाच्या ओठांवरचा एक शब्द.

रात्रीच्या पहाऱ्याला तिकडे 'जागा मालाम' म्हणतात. मालाम म्हणजे रात्र, आणि जागा म्हणजे जागं राहणं, राखण करणं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. आपल्याच मुळाचा शब्द, संस्कृतातून तिकडे गेलेला. आपल्याकडे गावोगाव जागल्या होता, कोजागरीला लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत येते, आणि समुद्रापलीकडे एक मुसलमान गाव रात्री तेच म्हणत बसलेलं. वस्तीच्या तोंडाशी छप्पर घातलेला एक उंच ओटा. त्यावर चटई, किटलीत काळी दाट कॉफी, एक बुद्धिबळाचा पट. पाळीपाळीने घरटी एक पुरुष. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाची म्हैस व्यायला झाली आहे, सगळं त्यांना ठाऊक. मी साईटवरून उशिरा परतले की ओट्यावरून हाक यायची, "जेवलीस का?" मी जेवले म्हणेपर्यंत हाक थांबायची नाही.

पण मला हे गोडगोड रंगवायचं नाही. त्याच ओट्याची दुसरी गोष्ट काकच्या भावाने मला सांगितली, ती वर्षभर मनात घर करून होती. आचेमध्ये १९७६ पासून स्वतंत्र आचे चळवळीचा आणि सरकारचा संघर्ष चालू होता. १९८९ पासून १९९८ पर्यंत लष्करी मोहीम, मग मे २००३ मध्ये मार्शल लॉ. शांतता करार झाला हेलसिंकीला, १५ ऑगस्ट २००५ ला. तारीख आपल्या स्वातंत्र्यदिनाची, म्हणून माझ्या कायमची लक्षात राहिली. म्हणजे मी पोचले तेव्हा करार पाच महिन्यांचा होता. मार्शल लॉच्या दिवसांत जागा मालाम सक्तीचा होता. हातात काठीसुद्धा नसलेल्या माणसांना रात्रभर ओट्यावर बसवायचे. सैनिक येऊन विचारायचे, जंगलातले लोक आले होते का? जंगलातले येऊन विचारायचे, सैनिकांना काय सांगितलंस? कुठलंही उत्तर चुकीचंच. डुलकी लागली तर मार. लोकांना लाल-पांढरी वेगळी ओळखपत्रं दिली होती, ती खिशात नसली तर संपलंच. काकचा भाऊ म्हणाला, "चटई तीच, कॉफी तीच. पण त्या दिवसांत आम्ही गाव राखत नव्हतो. गाव आमच्यावरच नजर ठेवायला लावलं होतं."

दुसरंही एक आहे, आणि बाई म्हणून मी ते विसरू शकत नाही. जी पोरं म्हातारीला पाठीवर घेतात तीच पोरं कुणाच्या घरी कोण पाहुणा आला यावरही लक्ष ठेवतात. परपुरुष आणि परस्त्री एकांतात सापडले तर तिकडच्या शरियतच्या नियमात तो गुन्हा, आणि तो पकडून देण्यात गावातले तरुण पुढे. पहिल्या महिन्यात आमचा नकाशे काढणारा सहकारी कागद द्यायला संध्याकाळी आला, तर मागोमाग दोन पोरं जिन्याशी येऊन उभी राहिली. काकने त्यांना खालीच बसवून चहा दिला आणि आम्हाला ओसरीत दिवा लावून कागद बघायला लावले. कुणी उर्मट बोललं नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

हे सगळं पोटात घेऊन मी मागच्या वर्षी संघाच्या बैठकीत बसले. नव्या एजन्सीचे गृहस्थ पुन्हा स्टिकर, ॲप आणि हिरव्या तक्त्यांबद्दल सांगू लागले. मी म्हटलं, ते राहू द्या, आमच्या अटी ऐका.

पहिली, माणूस बदलायचा नाही. किमान वर्षभर तोच. दुसरी, कागदपत्रं. खासगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, माणसाच्या चारित्र्याची पोलिसांकडून पडताळणी लागते, आणि केंद्राच्या नमुना नियमांत शंभर तास वर्गात व साठ तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण सांगितलेलं आहे. ते सगळं दाखवा. गृहस्थांनी परवान्याची प्रत दुसऱ्याच दिवशी दिली, पडताळणीची महिन्याभराने. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं, पण त्यावर चौकीदाराच्या नावातच चूक होती, ती दुरुस्त करून घ्यायला मला तीन फेऱ्या पडल्या. तुम्ही घेणार असाल तर ही कागदं पहिला हप्ता देण्याआधी मागा.

तिसरी अट मी संघालाच घातली. छप्पर, खुर्ची, पिण्याचं पाणी आणि संडास. याला तिघांनी विरोध केला. संडास कशाला, असं विचारलं. मी विचारलं, बारा तास माणूस कुठे जाईल? शेवटी आठ नंबरच्या गॅरेजमागच्या संडासाला बाहेरून दार काढलं, खर्च साडेचार हजार. आपल्याकडच्या जुन्या गावगाड्यात शिवेच्या भांडणात महाराची साक्ष शेवटची मानायचे, वेशीवर रात्री तोच जागा असायचा, आणि त्याला घर मात्र वेशीबाहेर. आपण ज्याच्या जिवावर झोपतो त्याला बाहेर ठेवायची ही सवय फार जुनी आहे. ती मला माझ्या गल्लीत नको होती.

चौकीदार भैया रीवाकडचे. चाळिशीचे, अबोल, कानावर मफलर. पहिल्या आठवड्यात मी त्यांना घेऊन बावीसही दारं फिरले. प्रत्येक घराने काय सांगायचं ते घराने ठरवलं. कुणी म्हणालं, आमचा मुलगा रात्रपाळीला असतो, तीनला येतो. कुणी म्हणालं, गावाला जाऊ तेव्हा सांगू. एका घराने काहीच सांगितलं नाही, तेही बरोबर. कोपऱ्यावरच्या काकू, वय ८१, एकट्या. त्या म्हणाल्या, "मी पहाटे साडेचारला देवघरात दिवा लावते. दिवा दिसला म्हणजे मी आहे."

माघातली गोष्ट. कडाक्याची थंडी, पाच वाजायला आलेले. आमची बेल वाजली. भैया दारात. "दीदी, अम्माजी की बत्ती नहीं जली।" एवढंच. मी किल्ली घेतली, दोघं धावलो. काकू न्हाणीघरात पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं, अंगावर ओलं पातळ, ओठ निळे. भैयांनी आपलं घोंगडं काढून त्यांच्यावर घातलं आणि १०८ ला फोन लावला. पत्ता मी सांगेपर्यंत त्यांनीच सांगितला, कुठल्या खांबापासून वळायचं तेही. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास अजून गेला असता तर थंडीनेच आटोपलं असतं. काकू आता वॉकर घेऊन चालतात. कुठल्या ॲपमध्ये हे येणार? न लागलेला दिवा स्कॅन होत नाही.

चोरी वर्षभरात एकही नाही. गाड्यांतून पेट्रोल काढणारी दोन पोरं एकदा सापडली. भैयांनी शिट्टी मारली, हात लावला नाही, ११२ ला फोन केला. हेही मी आधी बोलून ठेवलं होतं: मारहाण कुणालाही नाही, चोरालाही नाही.

आता तक्रारी. पहिली वहीची. एजन्सीच्या नियमाप्रमाणे रात्री अकरानंतर आत-बाहेर करणाऱ्याची नोंद वहीत होते. गाड्यांचे नंबर, डिलिव्हरीवाले, पाहुणे, इथवर ठीक. पण पावसाळ्यात आमच्या गल्लीतले एक ज्येष्ठ काका रोज सकाळी ती वही चाळायला लागले. चौदा नंबरच्या वरच्या मजल्यावर नोकरी करणाऱ्या तीन मुली भाड्याने राहतात. त्या किती वाजता आल्या, कुणाच्या गाडीवरून आल्या, हे काका ग्रुपवर लिहू लागले. एक मुलगी माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "काकू, मी पगारातून आठशे रुपये देते, ते माझी राखण व्हावी म्हणून ना?" मला काकच्या घराचा जिना आठवला, आणि तिच्या भावाचं ते वाक्यही. मी संघात विषय काढला, आवाज चढले, दोन बैठका गेल्या. शेवटी ठरलं की रहिवाशांची नोंद करायचीच नाही, फक्त बाहेरच्यांची, आणि वही कुलपात. गुन्हा घडला तरच अध्यक्ष आणि पोलीस उघडतील, महिन्याने पानं फाडून नष्ट. एजन्सीने याला नकार दिला नाही, पण स्वतःहून असा विचारही केला नव्हता. तुम्ही सेवा घ्याल तेव्हा वहीचा नियम करारात लिहून घ्या, नंतर फार जड जातं. काकांशी माझं बोलणं आता पूर्ववत आहे, त्यांच्या नातीच्या बारशाला मी गेले होते.

आचेमध्ये अशी भांडणं मनासाहमध्ये मिटवायचे. एका पोराने शेजाऱ्याच्या कोंबड्या चोरल्या होत्या, तेव्हा मी बघायला होते. कुचिक, तेंगकू, चार वडीलधारे बसले, दोन्ही आया बसल्या, कोंबड्यांची भरपाई ठरली, मग दोघांवर पाणी शिंपडून, तांदूळ टाकून, चिकट भाताचा घास भरवला. नंतर २००८ मध्ये आचेने तसा कायदाच केला, अठरा प्रकारची भांडणं आधी गावात मिटवायची, त्यात किरकोळ चोरीही आणि बांधाचा वादही. आमच्या दोन बैठकांत पोहे-जिलेबी झाली, तेवढंच साम्य. पण तेवढ्यानेही माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

दुसरी तक्रार पैशांची. आम्ही १७,६०० देतो, त्यातले भैयांच्या हातात किती पडतात हे विचारल्यावर एजन्सीने आधी टाळाटाळ केली. मग दोन महिने पीएफची रक्कम भरलीच नव्हती असं निघालं. संघाने लेखी पत्र दिलं, बिल अडवलं, तेव्हा भरली. आता दर महिन्याच्या बिलाबरोबर चलनाची प्रत मागतो आणि मिळते. मला हे क्षुल्लक वाटत नाही. ज्याच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय नाही, त्याच्याकडून आपण कुठल्या तोंडाने राखण मागायची?

तिसरी, आणि हिच्यासाठीच मी पाचवा गुण कापला, ती रविवारची. बदली माणूस दर वेळी नवा. त्याला गल्ली ठाऊक नाही, काकूंचा दिवा ठाऊक नाही, तीनला येणारा मुलगा ठाऊक नाही. एका रविवारी त्या मुलालाच त्याने गेटवर वीस मिनिटं थोपवून धरलं. आठवड्यातल्या सहा रात्री आम्ही ओळखीच्या माणसाच्या भरवशावर झोपतो आणि सातव्या रात्री पुन्हा त्या हिरव्या तक्त्याच्या भरवशावर. चोराला वार कळत नाही असं थोडंच आहे. चार वेळा सांगून झालं. या महिन्यापासून एकच बदली माणूस ठरवून देऊ, असं एजन्सीने कबूल केलं आहे आणि पहिले दोन रविवार तसं झालं आहे. असंच सहा महिने टिकलं तर मी गुण परत देईन.

माझ्या स्वतःच्या दाराशी अजून एक पिशवी असते: घराचे कागद, औषधं, टॉर्च, बिस्किटांचा पुडा. इंदूरला समुद्र नाही हे मला कळतं. पण रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही ती सवय तिकडची, गेली नाही. ड्रॉइंगं काढून बसते. हे मी भैयांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं.

गेल्या शनिवारी, रात्री आठच्या सुमारास, ते नव्या बदली माणसाला घेऊन गल्लीतून चालत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एजन्सीने तर नाहीच. मी गॅलरीत कपडे काढत होते. एकेका गेटपाशी थांबून ते हळू आवाजात सांगत होते: इथे कुत्रा आहे, चावत नाही. इथले लोक सोमवारपर्यंत देवासला. इथे मुली आहेत, त्या कधीही येऊ देत, काही विचारायचं नाही. कोपऱ्यावर जरा जास्त वेळ थांबले, देवघराच्या खिडकीकडे टॉर्च न लावता बोट केलं. मग परत फिरून आमच्या गेटपाशी आले.

"यहाँ दीदी दो बजे तक जागती हैं," ते म्हणाले. "बत्ती जलती दिखे तो घबराना मत. दो के बाद भी जलती रहे, तो घंटी बजा देना."